कोरड्या रेघांचा नकाशा

वाळूजच्या बजाजनगरातील कोणाही गृहस्थाला पत्ता विचारला, तर ‘आर. एल.’ किंवा ‘आर. एम.’ या अक्षरांनी आरंभ होणारा आपला भूखंड क्रमांक, त्याजवळची खूण म्हणून मोहटादेवीचे मंदिर अथवा महाराणा प्रताप चौक, आणि शहरातून यावयाचे असल्यास कोणत्या थांब्यावर उतरावे हा तपशील, इतके सर्व तो एका दमात सांगेल. परंतु त्याच्या अंगणात पडलेले पावसाचे पाणी कोणत्या बाजूने वाहते, पुढे कोणत्या ओहोळास मिळते आणि तो ओहोळ खाम नदीला कोठे गाठतो, असा प्रश्न केला, तर विचारणाऱ्याच्या हेतूविषयीच त्याला शंका येऊ लागेल. यात त्याचा दोष फारसा नाही. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्यामागोमाग बीड, जालना, परभणीपासून विदर्भ-खानदेशापर्यंतची, आणि पुढे उत्तरेकडच्या प्रांतांतलीही माणसे येथे येऊन वसली. ज्या जमिनीवर त्यांनी घरे बांधली तिच्याशी त्यांचे पिढीजात नाते नव्हते. येथून पूर्वी नाला जात असे, असे सांगणारा म्हातारा त्यांच्या घरात नव्हता. आणि हाती आलेल्या आराखड्यावर तर चौकोनांचेच राज्य होते.

माझी तक्रार गृहस्थाविषयी नाही, दफ्तराविषयी आहे. आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून जिल्हा कचेरीपर्यंत जमिनीचा जो कारभार चालतो, तो सातबारा, फेरफार, गट नंबर, गावनकाशा, फाळणीचा उतारा, मोजणीचा ‘क’ प्रतीचा नकाशा अशा कागदांवर चालतो. आणि हे सगळे कागद एकाच प्रश्नाचे उत्तर देतात, तो म्हणजे जमीन कोणाची. जमीन कशी आहे, तिचा माथा कोठे, पायथा कोठे, पाणी तिच्यावरून कोणत्या वाटेने उतरते, या प्रश्नाचे उत्तर देणारा कागदही सरकारनेच काढलेला आहे, तो अत्यंत परिश्रमाने काढलेला आहे, आणि तो अक्षरशः कोणाच्याही टेबलावर नसतो. शाळेत भूगोलाच्या तासाला त्याला स्थलनिर्देशक नकाशा म्हणतात, खात्यांत त्याला टोपोशीट म्हणतात, आणि दहावीची परीक्षा संपली की त्याचे नाव कोणी घेत नाही. जेथे पाणी मुबलक आहे त्या मुलखात हे अज्ञान कदाचित् खपून जाईल. जेथे वर्षाचे आठ महिने ओढे कोरडे असतात त्या मुलखात ते खपत नाही, आणि प्रस्तुत लेखाचा सगळा आग्रह एवढ्यापुरताच आहे.

हे पत्रक प्रत्यक्ष कसे असते ते जरा निवांतपणे पाहू. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमव्यवस्थेत ४ अंश रुंद आणि ४ अंश उंच अशा मोठ्या चौकटींना आकडे दिलेले असत, त्यांपैकी ४७ क्रमांकाच्या चौकटीत मुंबईपासून आपल्यापर्यंतचा मुलूख येतो. तिचे एकेक अंशाचे सोळा भाग केले की ‘एम’ अक्षराच्या वाट्याला आपला प्रदेश येतो. आणि त्या ‘एम’चे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे केले की ४७ एम/५ या पत्रकावर छत्रपती संभाजीनगर शहर येते. पूर्व रेखांश ७५ अंश १५ मिनिटांची रेषा, म्हणजे या पत्रकाची पश्चिम कड, शहराच्या पलीकडून वाळूजच्या अंगाने जाते. म्हणजे शहर एका कागदावर आणि त्याची औद्योगिक वसाहत बव्हंशी शेजारच्या कागदावर! शहराचे सांडपाणी जिच्यातून वाळूजकडे येते ती खाम नदी मात्र या कडेची पर्वा न करता एका पत्रकावरून दुसऱ्यावर उतरते, आणि तिचा माग पार जायकवाडीच्या नाथसागरापर्यंत काढावयाचा तर पत्रके शेजारीशेजारी ठेवून कडा जुळवून पाहाव्या लागतात. शहर आणि वाळूज यांचा विचार एकत्र व्हावा हे सांगण्यास परिसंवाद भरविण्याची गरज नाही. दोन पत्रके टेबलावर जोडून ठेवली तरी पुरे.

या नकाशाचे प्रमाण १ः५०,०००, म्हणजे कागदावरचे २ सेंटिमीटर जमिनीवरचे १ किलोमीटर. एका पत्रकात ७०० चौरस किलोमीटरांहून अधिक भूमी मावते. तपकिरी समोच्च रेषा समान उंचीची ठिकाणे जोडतात आणि सामान्यतः दर २० मीटरांना एक अशा असतात. दौलताबादच्या किल्ल्याभोवती किंवा तीसगावच्या खवड्या डोंगराशी त्या एकमेकींना खेटून उभ्या राहतात, आणि वाळूजच्या पठारावर आल्या की इतक्या दूरदूर होतात की दोन रेषांच्या मध्ये एक संपूर्ण वस्ती बसावी. पिवळा रंग लागवडीच्या जमिनीचा, हिरवा जंगलाचा, तांबडा वस्तीचा आणि पक्क्या रस्त्याचा. बारीक वर्तुळे विहिरींची. काळ्या जाड रेघेला टेकून निळा डाग असेल तर तो बांध घातलेला तलाव. जेथे त्रिकोण काढून आकडा लिहिला असेल, तेथे कधी काळी दुर्बिणीचे यंत्र घेऊन कोणी सर्वेक्षक उभा राहिला होता.

परंतु मराठवाड्याच्या पत्रकावर खरे पाहण्यासारखे आहे ते ओढ्यांचे चित्रण. कोकणातले एखादे पत्रक शेजारी ठेवा. त्याच्यावर निळ्या शिरा जागोजाग उठलेल्या दिसतील. आपल्या पत्रकावर निळा रंग कंजुषीने वापरलेला असतो, आणि त्याऐवजी काळ्या, बारीक, वेड्यावाकड्या रेघांचे जाळे पसरलेले दिसते. संकेत असा आहे की, पात्रात पाणी असेल तर निळी रेघ आणि पात्र कोरडे असेल तर काळी. या काळ्या रेघांच्या काठाशी मधूनमधून ‘३ आर’ किंवा ‘५ आर’ अशी इवलीशी नोंद असते. तिचा अर्थ असा की, काठ पात्राच्या तळापासून तितके मीटर उंच आहे. मला या नोंदीचे विलक्षण कौतुक वाटते. पात्रात टिपूसभर पाणी नसताना, उन्हाने तापलेल्या मुरमावर उभे राहून, कोणीतरी सरकारी माणसाने त्या कोरड्या नाल्याचा काठ किती उंच आहे हे तपासले आणि ते कागदावर लिहून ठेवले. पाणी नाही म्हणून नाला नाही, असे त्याने मानले नाही. ही साधी गोष्ट त्याच्या नंतरच्या अधिकाऱ्यांना, बिल्डरांना आणि आम्हा भूखंडधारकांना समजली असती, तर पुढचे बरेचसे लिहावे लागले नसते.

या कामाची परंपरा मोठी आहे आणि तिचा एक धागा महाराष्ट्रातच पुरलेला आहे. सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ ची. १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टन याने मद्रासजवळ पायाभूत रेषा मोजून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ केला, आणि तेथून हैदराबादच्या मुलखातून उत्तरेकडे सरकत असता २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचे देहावसान झाले. त्याची कबर तेथेच आहे. ज्या एव्हरेस्टचे नाव पर्वताला मिळाले तो याच्या हाताखाली तयार झालेला. लॅम्ब्टनच्या कबरीकडे मात्र सहसा कोणी फिरकत नाही. साहेबाच्या सरकारला हे नकाशे जनकल्याणासाठी हवे होते असे म्हणण्याइतके भाबडे आपण होऊ नये. फौज हलविणे, महसूल ठरविणे, सरहद्दी पक्क्या करणे ही त्यांची निकड होती. तथापि ज्या हेतूने एखादी वस्तू निर्माण झाली त्याच हेतूपुरती ती उपयोगी पडावी असा नियम नाही.

याच विभागाच्या हिंदी सर्वेक्षकांनी मध्य आशियातील तारीमच्या खोऱ्यात जे काम केले, ते आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याला भिडणारे आहे. चारही बाजूंना पर्वत, मध्ये तक्लामकानचे वाळवंट, आणि पर्वतांवरून येणाऱ्या नद्या समुद्राला न मिळता वाळूतच किंवा खाऱ्या सरोवरात संपणाऱ्या, असे ते बंद खोरे. ऑरेल स्टाईन याने १९०० ते १९१६ या काळात तेथे तीन मोहिमा काढल्या, आणि त्याच्याबरोबर फलक, दुर्बीण आणि साखळी घेऊन रामसिंग आणि लालसिंग हे सर्वेक्षक उंटांच्या तांड्यासह हिंडले. त्यांच्या मोजणीवरून तयार झालेले चिनी तुर्कस्तानाचे नकाशे आणि त्यांचा वृत्तान्त डेहराडूनहून १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. या नकाशांत लोप नोर सरोवराच्या परिसरातील कोरडी नदीपात्रेही काळजीपूर्वक दाखविलेली आहेत; त्यांपैकी कुरुक-दर्या नावाचे पात्र शतकानुशतके कोरडे पडलेले होते आणि त्याच्या काठचे लौलान हे नगर पाण्याअभावी केव्हाच ओस पडलेले होते. असल्या मेलेल्या नदीचे पात्र मोजण्यात श्रम आणि पाणी दवडण्याचे कारण काय, असे एखाद्या व्यवहारी माणसाने त्या वेळी विचारले असते, तर त्याला वेड्यात काढणे कठीण होते. परंतु १९२१ च्या सुमारास तारीम नदीने आपला प्रवाह बदलला, पाणी पुन्हा त्याच कोरड्या पात्रात शिरले, आणि १९३४ मध्ये स्वीडिश प्रवासी स्वेन हेडिन त्याच पात्रातून होडीने सरोवरापर्यंत गेला! पुढे वरच्या बाजूस धरणे आणि कालवे झाले आणि गेल्या शतकाच्या सत्तरीत ते सरोवर पुन्हा आटले, ही निराळी गोष्ट. नकाशावरची काळी रेघ मात्र दोन्ही वेळा खरी ठरली.

कोणी म्हणेल, वाळवंटाची उदाहरणे वाळूजला कशाला? आपल्याकडे वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, गंगापूर-वैजापूरच्या बाजूला त्याहून कमी, तरी त्यास वाळवंट म्हणता येणार नाही. आमच्या वसाहतीत ‘ओअ‍ॅसिस’ नावाचा चौक आहे खरा, पण त्यावरून भोवती सहारा असल्याचे सिद्ध होत नाही. आक्षेप मान्य आहे. परंतु सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा पाऊसही वर्षभर पसरून येत नाही. तो मोजक्या दिवसांत आणि त्यातही मोजक्या तासांत येतो, खाली काळ्या पाषाणावर मुरमाचा पातळ थर असतो, आणि पाणी जिरण्याआधीच धावू लागते. पाऊस किती पडला यापेक्षा तो किती वेळात पडला याला जेथे महत्त्व असते, तेथे वाळवंट आणि माळरान यांच्या ओढ्यांचे वागणे सारखेच असते. ऑगस्ट २००६ मध्ये राजस्थानच्या बाडमेर जिल्ह्यात, थरच्या ऐन वाळवंटात, काही दिवसांत वर्षभराच्या सरासरीहूनही अधिक पाऊस झाला. कवास नावाचे गाव बुडाले, जिल्ह्यात शंभराहून अधिक माणसे दगावली, आणि वाळूच्या खाली जिप्समचा थर असल्यामुळे खोलगट भागात साचलेले पाणी महिनोन् महिने हटेना. वाळवंटात माणसे बुडून मेली हे वाचून देश चकित झाला. सखल भाग आणि विस्मृत प्रवाह नकाशावर ज्याने पाहिले असतील त्याला दुःख झाले असेल, पण आश्चर्य वाटले नसेल.

बंद खोरे पाहण्यासाठी मात्र आपल्याला तारीमला किंवा थरला जाण्याची गरज नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार पाहावे. उल्कापाताने बेसाल्टात पडलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर नकाशावर पाहिले, तर समोच्च रेषांची एकात एक कडी आत उतरत गेलेली दिसतात आणि सगळे पाणी आत जाते, बाहेर एक थेंबही येत नाही. म्हणूनच तळाचे सरोवर क्षारयुक्त झाले आहे. २०२० मध्ये त्यास रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाले म्हणून सगळ्या राज्याची नजर तिकडे वळली. तेथल्या कड्यावर उभे राहिले की खोरे म्हणजे काय हे लहान मुलालाही शिकविल्यावाचून कळते. वाळूजला असा कडा नाही, ही आमची अडचण. येथे शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५६८ मीटर, आणि नाथसागर काठोकाठ भरला की त्याची पातळी १५२२ फूट, म्हणजे सुमारे ४६४ मीटर. मधल्या सगळ्या मुलखाचा उतार उणापुरा शंभर मीटरांचा. इतका मंद उतार डोळ्याला जाणवत नाही. पाण्याला तो पुरेपूर जाणवतो.

या उताराचा उपयोग ज्या माणसाने उत्तम करून घेतला त्याच्याजवळ टोपोशीट नव्हते. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसविली तेव्हा हर्सूल-जटवाड्याकडच्या डोंगरांतील पाझर जमिनीखालच्या नहरींत गोळा करून, केवळ उताराच्या बळावर, शहरात आणले. पुढे त्याच तत्त्वावर पाणचक्कीची नहर झाली आणि तिचे पाणी आजही पडताना प्रवासी पाहतात. एक हातभर उतार कमीअधिक झाला असता तर पाणी थांबले असते किंवा नहर फुटली असती. म्हणजे या शहराची स्थापनाच मुळी जमिनीचा चढउतार वाचण्याच्या विद्येवर झाली आहे. आणि चारशे वर्षांनंतर, हाताशी उपग्रह असताना, त्याच शहराच्या विस्तारात ओढा बुजवून त्यावर सभागृह उभे करण्याइतके आपण निष्काळजी झालो आहोत.

प्रकार कसा घडतो तो नीट पाहावा, म्हणजे कोणा एकावर दोषाची पाटी लावण्याचा मोह टळेल. शेतातून ओहोळ जातो. शेतकरी त्याला ओळखतो, त्याच्या काठाने बांध घालतो, पेरणी वाचवतो. जमीन विकली जाते, एन. ए. होते, रेखांकन मंजूर होते. रेखांकन काढणारा गट नंबराच्या नकाशावर काम करतो. त्या नकाशावर मोठा नाला असला तर असतो, बारकी ओघळ बहुधा नसते. एप्रिल-मे महिन्यात जागेची पाहणी होते तेव्हा तेथे एक खड्डेवजा लवण आणि थोडी बाभळीची झुडपे एवढेच दिसते. मुरमाचे चारशे ट्रक टाकून ते लवण भरून काढणे ही मग विकासाची पहिली पायरी ठरते. पुढे सात-आठ वर्षे पाऊस बेताचा होतो, सगळे सुखाने नांदतात, आणि एखाद्या सप्टेंबरातल्या रात्री तीन तासांत महिन्याचा पाऊस पडतो. तेव्हा पाणी आपल्या जुन्या वाटेने येते, आणि ती वाट आता कोणाच्या तरी स्वयंपाकघरातून जात असते. सकाळी चिखलातून गव्हाचे पोते ओढून काढणारी बाई विचारते की, इतकी वर्षे नव्हते ते पाणी आताच कोठून आले. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर काळ्या रेघेत होते, आणि ती रेघ तिला घर विकणाऱ्याने, मंजुरी देणाऱ्याने किंवा कर्ज देणाऱ्याने दाखविली नव्हती.

उन्हाळ्यातली बाजू याहून वाईट आहे, कारण ती रोजची आहे. जो ओढा बुजतो त्याच्याबरोबर त्याच्या काठच्या विहिरींचा आणि बोअरचा पुरवठाही बुजतो. १९८० साली कांचनवाडीला स्थापन झालेली ‘वाल्मी’ ही जल व भूमी व्यवस्थापनाची संस्था वाळूजपासून फार दूर नाही. पाणलोट, माथा ते पायथा, सलग समतल चर ही परिभाषा तिच्या प्रशिक्षणांतून सबंध महाराष्ट्रात गेली. जालना जिल्ह्यातील कडवंची हे गाव याच परिभाषेवर उभे राहिले: डोंगरमाथ्यापासून चर खणत खाली यायचे, पाणी थांबवीत यायचे, आणि मग शेततळे, ठिबक, द्राक्षाची बाग. चर कोठे खणावा हे ठरविण्यासाठी गावकरी जे साधन वापरतात ते पाहण्यासारखे असते. दोन लाकडी पाय वर एकत्र बांधलेले, मध्ये आडवी पट्टी, आणि वरून दोरीला लोंबता दगड. दोरी पट्टीवरच्या खुणेवर आली की दोन्ही पाय समान उंचीवर आहेत असे समजावे, चुन्याचा ठिपका मारावा आणि एक पाय उचलून पुढे फिरवावा. असे ठिपके जोडले की माळावर चुन्याची जी वळणावळणाची रेघ उमटते, तीच टोपोशीटावरची तपकिरी रेघ. शाळा सोडलेला तरुण तासाभरात हे काम शिकतो, आणि मग त्याला आपल्या शिवाराविषयी जे कळते ते त्याच्या सरपंचाला पाच वर्षांत कळत नाही.

मग नगरांत आणि वसाहतींत ही विद्या का उतरली नाही? एक कारण ऐतिहासिक होते. दीर्घकाळ ही पत्रके संरक्षणाच्या दृष्टीने जपली जात. प्रत मिळविण्यासाठी अर्ज, हमीपत्र, अधिकाऱ्याची शिफारस, आणि शेवटी ‘उपलब्ध नाही’ असा शेरा. ते दिवस गेले. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणाची पत्रके आणि सर्वांना खुली पत्रके अशी विभागणी केली. २०१७ मध्ये ‘नक्शे’ या संकेतस्थळावरून खुली पत्रके विनामूल्य उतरवून घेण्याची सोय झाली. आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर तर देशातील व्यक्तींना आणि कंपन्यांना नकाशे तयार करण्यासाठी पूर्वपरवानगीचीही अट उरली नाही. सबब आता कायद्याची सबब सांगता येत नाही.

दुसरे कारण मोबाइलमधले उपग्रहचित्र. ते पाहिले म्हणजे सर्व समजते अशी आपली समजूत झाली आहे. त्या चित्रात आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते, दारातली गाडी दिसते; जमीन कोणत्या बाजूला कलली आहे हे मात्र दिसत नाही, आणि जो ओढा पत्र्यांखाली गेला तो तर अजिबात दिसत नाही. तो जुन्या पत्रकावर दिसतो. पत्रक जुने आहे हा त्याच्याविरुद्धचा आक्षेप नसून त्याची योग्यता आहे. नाथसागराच्या आधीची पत्रके ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे ठाऊक असेल: १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झाले, आणि या दोन तारखांच्या मध्ये गोदाकाठची शंभराहून अधिक गावे पाण्याखाली गेली. नव्या पत्रकावर तेथे एक विस्तीर्ण निळा पट्टा आहे. जुन्यावर त्या प्रत्येक गावाचे नाव, त्याचे देऊळ, त्याची विहीर आणि नदीकडे जाणारी पायवाट आहे. वाळूजच्या उद्योगांना आणि आमच्या नळांना जे पाणी येते ते याच पट्ट्यातून येते. आपण ज्या पाण्यावर जगतो त्याखाली कोण राहत होते, एवढे तरी प्रत्येकाने एकदा पाहून घ्यावे.

टोपोशीटाची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाही तर एखादा अभियंता ती मला सांगेल. वीस मीटरांच्या अंतराने काढलेल्या रेषा बजाजनगरासारख्या सपाट वस्तीला पुरेशा नाहीत. कोणत्या गल्लीत पाणी तुंबेल हे त्यांवरून ठरत नाही. ओढ्याची मुख्य वाट त्या दाखवितात, घरोघरचा उतार दाखवीत नाहीत. त्यासाठी अर्ध्या मीटरच्या अंतराने समोच्च रेषा काढलेला वस्तीचा नकाशा हवा. आता गंमत अशी की, असा नकाशा करण्याचे साधन सरकारने गावोगाव आधीच नेऊन ठेवले आहे. २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू झाली. सर्वेक्षण विभागाच्या साह्याने गावठाणांवरून ड्रोन उडविले जातात, प्रत्येक घराची हद्द टिपली जाते आणि मालकाला मिळकत पत्रिका दिली जाते. योजना चांगली आहे. पण ज्या छायाचित्रांतून घराची हद्द निघते, त्याच छायाचित्रांच्या जोडीने जमिनीची उंचीही काढता येते. तंत्रज्ञ ती काढतात, काढू शकतात. आपण मात्र पुन्हा मालकीचाच प्रश्न विचारला, उत्तर घेतले, आणि ड्रोन उतरवून पेटीत ठेवला.

नव्या खर्चाची मागणी मी करीत नाही. जे आहे ते वापरावे, एवढेच म्हणणे आहे. रेखांकन मंजुरीच्या प्रत्येक अर्जासोबत टोपोशीटाचा संबंधित भाग, त्यावर भूखंड दाखवून, जोडण्याची सक्ती असावी. त्यावरची एकही काळी रेघ आराखड्यात गायब झाली असेल तर अर्ज तेथेच परत जावा. वडगाव कोल्हाटी, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, पंढरपूर, वळदगाव, तीसगाव, पाटोदा या गावांच्या पंचायतींनी आपापल्या शिवारातले ओढे जुन्या पत्रकावरून हुडकून, प्रत्यक्ष फिरून, त्यांची यादी आणि नकाशा करावा. कोणता वाहता आहे, कोणता बुजला, कोणावर काय उभे आहे, हे त्यात लिहावे. आषाढीला यांतल्याच पंढरपूरला, म्हणजे छोट्या पंढरपूरला, लाखांच्या संख्येने माणसे येतात, त्या गर्दीच्या वाहतुकीचा आराखडा आपण दरवर्षी करतो. पाण्याच्या वाहतुकीचा एकदाच करावयाचा आहे. हे काम शाळांच्या नववी-दहावीच्या वर्गांना दिले तर मास्तरांचा भूगोलही जिवंत होईल, आणि मुले ते पंचायतीपेक्षा लवकर करतील अशी माझी खात्री आहे.

१ मे रोजी ग्रामसभा भरते. पावसाळ्यापूर्वीची ती शेवटची मोठी सभा. रस्ता, दिवे, कचरा, नळ यांचे विषय त्या दिवशी निघतीलच. वाचकांपैकी ज्यांचे नाव मतदारयादीत आहे त्यांनी उभे राहून आणखी एक विषय काढावा, आपल्या गावातील ओढ्यांचा नकाशा सभेपुढे ठेवावा अशी लेखी मागणी करावी, आणि ती इतिवृत्तात नोंदवून घेतल्याशिवाय खाली बसू नये.